‘कन्या २’ म्हणजे कोण?

गेल्या वर्षी माझ्याकडे एक कुलवृत्तांत भाषांतरासाठी आला. घराणं मूळचं कोकणातलं. त्याची एक शाखा सात-आठ पिढ्यांपूर्वी काशीला आली आणि दूधविनायकाच्या गल्लीत राहिली. या गल्लीत, पलीकडे ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेपर्यंत, अशी मराठी घरं पूर्वी पुष्कळ होती, आता हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी उरलीत. मुलं बंगळुरूला, नातवंडं कॅनडात. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून हिंदी आणि इंग्रजी भाषांतर हवं होतं. मी याच गल्लीत वाढले, तिन्ही भाषांत काम करते, म्हणून काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी मी ‘कन्या २’ या शब्दापाशी अडखळले. नोंद अशी होती: अमुकपंत, जन्मसाल, शिक्षण, नोकरी, पुत्र तीन, त्यांची नावं, पुढे ‘कन्या २’. पत्नीचं नाव काही नोंदींत होतं, बऱ्याच नोंदींत नव्हतं. होतं तिथे ते सासरचं. माहेर कुठेच नाही. शेवटी घडी घातलेला मोठा तक्ता, त्यात मूळ पुरुषापासून आजच्या बाळापर्यंत सगळे पुरुष. एका पुरुषापासून दुसरा पुरुष, दुसऱ्यापासून तिसरा. मध्ये कोणी नाही.

मी समासात प्रश्न लिहून पाठवले. यांचं नाव? यांचं माहेर? कन्यांची नावं? संपादक मंडळाचं उत्तर अतिशय सभ्य होतं. ‘मूळ संहितेत नाही ते भाषांतरात आणू नये, हे आपण जाणताच.’

हे उत्तर मला झोंबलं, कारण ते माझ्याच धंद्यातलं सूत्र होतं. म्हणून मी मूळ संहिता शोधायला गेले. गल्लीतल्या त्याच वाड्यात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुनी आवृत्ती निघाली. बहुतेक नोंदींत त्या आवृत्तीत पत्नीचं माहेरचं नाव होतं, वडिलांचं नाव आणि गावही होतं. मुली कोणाकडे दिल्या, हेही होतं. तक्ता तिथेही पुरुषांचाच, पण विवरणात बायका होत्या. नव्या आवृत्तीत ‘पृष्ठसंख्या मर्यादित ठेवण्यासाठी’ हा मजकूर काढला आणि त्या जागी पुरुषांच्या पदव्या आणि परदेशातल्या कंपन्यांची नावं घातली. म्हणजे मूळ संहितेत होतं, ते संपादकांनी गाळलं आणि मूळ संहितेशी इमान राखायचा उपदेश मला केला.

मी आगाऊ घेतलेले पैसे परत केले. एका घराण्याची तक्रार इथे मांडायची असती तर हा लेख लिहिला नसता. पण तेव्हापासून मी हाती लागतील तितक्या वंशावळी चाळते आहे, आणि माझं म्हणणं एवढंच आहे: लग्नं गाळलेली वंशावळ अपुरी नसते, ती खोटी असते. वंश लग्नाने चालतो. ज्या कागदात लग्न नाही, तो कागद वंशाबद्दल काही सांगत नाही. तो फक्त पुरुषांची हजेरी घेतो.

तुलनात्मक साहित्याची विद्यार्थिनी म्हणून माझी पहिली धाव युरोपकडे गेली. जर्मनीतल्या गोथा शहरातून १७६३ पासून १९४४ पर्यंत ‘आल्मनाख द गोथा’ हे राजघराण्यांचं आणि सरदार घराण्यांचं वार्षिक निघत होतं. त्यात कोणाचं लग्न कोणाशी, कुठल्या तारखेला, वधू कुठल्या घराण्यातली, हे काटेकोरपणे दिलेलं असे. कारण उघड आहे. तिथे वधूबरोबर प्रांत येत. १५१५ साली व्हिएन्नात हाब्सबुर्ग आणि यागेलो या घराण्यांनी दुहेरी सोयरीक ठरवली. हाब्सबुर्गांची मारिया यागेलोंच्या लायोशला आणि लायोशची बहीण आन्ना हाब्सबुर्गांकडे. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात. ११ वर्षांनी, १५२६ मध्ये, मोहाचच्या लढाईत लायोश निपुत्रिक मेला आणि आन्नाचा नवरा फर्डिनांड बोहेमिया आणि हंगेरीच्या गादीवर हक्क सांगायला उभा राहिला. आन्नाचं नाव तक्त्यातून पुसलं, तर पुढच्या चारशे वर्षांचा मध्य युरोप कळायचा नाही.

ही युरोपची स्तुती नव्हे. तिथे बाईची नोंद होई ती हिशेबाच्या वहीत दागिन्याची व्हावी तशी. शिवाय त्या नोंदीचा उपयोग माणसं बाहेर ठेवायला होई. कित्येक धर्मपीठांत आणि सरदारांच्या संघांत शिरायचं तर आपले सोळाच्या सोळा खापरपणजोबा-खापरपणज्या कुलीन असल्याचा पुरावा द्यावा लागे. त्या सोळांत आठ बायका. त्यांची नावं राहिली, पण चाळणीची भोकं म्हणून. आणि १९०० साली ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याने झोफी खोटेक हिच्याशी लग्न केलं, तेव्हा आपल्या मुलांना गादीवर हक्क राहणार नाही असं त्याला आधी शपथेवर लिहून द्यावं लागलं. झोफी सरदारकन्या होती, पण पुरेशी मोठी नव्हती.

तरीही एक फरक उरतो. त्यांनी अन्याय केला आणि तो लिहून ठेवला. म्हणून आज कोणीही तो कागद काढून त्यांना जाब विचारू शकतो. आपण अन्याय केला आणि रकानाच काढून टाकला.

आता आपल्या घरात येऊ. भोसल्यांच्या वंशावळीचा नेहमीचा तक्ता घ्या: मालोजी, शहाजी, शिवाजी, संभाजी. चार नावं, एक सरळ रेघ. आता त्यात लग्नं भरा. मालोजींच्या पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईही निंबाळकरांच्या. महाराजांची मुलगी सखुबाई परत निंबाळकरांकडेच, बजाजींच्या मुलाला दिली. जिजाबाई सिंदखेडच्या जाधवांच्या, देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणाऱ्या घरातल्या. शिर्क्यांशी तर सरळ साटंलोटं: पिलाजीराव शिर्क्यांची मुलगी येसूबाई संभाजीराजांना आणि महाराजांची मुलगी राजकुंवर येसूबाईंच्या भावाला, गणोजींना. स्वराज्य कोणाच्या आधाराने उभं राहिलं आणि पुढे कुठे दुखावलं, हे त्या सरळ रेघेत दिसत नाही. आडव्या रेघांत दिसतं, आणि आडवी प्रत्येक रेघ म्हणजे एक बाई.

पेशव्यांचं तर याहून स्पष्ट. बाळाजी, बाजीराव, नानासाहेब, माधवराव ही नावं आपल्याला पाठ असतात. आता बायका आणि मुली बघा. बाजीरावांच्या काशीबाई चासच्या जोशांच्या, सावकाराच्या घरातल्या. नानासाहेबांच्या गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या, तेही सावकार. बाजीरावांची बहीण भिऊबाई बारामतीकर जोशांकडे, पुन्हा सावकार, ज्यांच्या कर्जाखाली पेशवे दबले होते. दुसरी बहीण अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे. पुरुषांची वंशावळ वाचली तर वाटतं घराणं शौर्यावर चाललं. लग्नांसकट वाचली तर पैसा कुठून आला ते कळतं. हा इतिहास ‘बायकांचा इतिहास’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवायचा नाही. हा राज्याचाच जमाखर्च आहे.

आणि जिथे लग्नच मान्य केलं नाही, तिथे काय? शाळेत असताना मी पेशव्यांची वंशावळ वहीत काढली होती. त्यात मस्तानी नव्हती, समशेर बहादूरही नव्हता. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने त्याची मुंज होऊ दिली नाही, तो मुसलमान म्हणून वाढला, पेशव्यांच्या बाजूने पानिपतावर लढला आणि १७६१ साली त्याच जखमांनी मेला. त्याचा मुलगा अलीबहादूर बुंदेलखंडात गेला आणि बांद्याच्या नवाबांचं घराणं सुरू झालं. १८५७ मध्ये बांद्याचा नवाब इंग्रजांविरुद्ध उठला. हा बाजीरावाचाच वंश, आणि दूधविनायकापासून फार लांबही नाही. फ्रान्झ फर्डिनांडच्या मुलांना गादी नाकारली, पण तक्त्यावरून काढलं नाही. आम्ही नाव काढलं, म्हणजे गादीचा प्रश्नच उरला नाही.

काशीतल्या मराठी माणसाने तरी हा विषय हलका घेऊ नये, कारण काशीतली मराठी ओळख ज्यांनी घडवली त्या बायका वंशवृक्षावर ‘निर्वंश’ ठरतात. आजचं विश्वेश्वराचं देऊळ १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनी बांधलं. त्या चौंडीच्या शिंद्यांच्या, होळकरांच्या सून. मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला, मुलगी मुक्ताबाई फणशांकडे दिलेली, ती १७९१ मध्ये सती गेली. गादी तुकोजींकडे गेली. तक्त्यावर अहिल्याबाईंपुढे रेघ थांबते. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा मंडप १८२८ मध्ये बायजाबाई शिंद्यांनी बांधवला. त्या कागलच्या घाटग्यांच्या. १८२७ मध्ये दौलतराव वारले तेव्हा वारस नव्हता. ज्या जनकोजीचं नाव तक्त्यावर दौलतरावांच्या खाली दिसतं, त्याला दत्तक घेतलं ते बायजाबाईंनी, नवऱ्याच्या मृत्यूनंतर. तक्ता मात्र रेघ दौलतरावांपासूनच ओढतो. मेलेल्या माणसाने मुलगा घेतला आणि जिवंत बाईने नाही!

तिसरी तर इथलीच लेक. मोरोपंत तांबे चिमाजीअप्पांच्या पदरी काशीत होते, त्यांची मुलगी भदैनीला जन्मली. नाव मणिकर्णिका. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात हे नाव कोणी मुलीला ठेवलं नसतं. स्मशानाच्या घाटाचं नाव घरात प्रेमाने हाक मारायला फक्त काशीकरच वापरू शकतो. १८४२ मध्ये झाशीला लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई झाली. ते नाव कुठल्याही गावात चाललं असतं. १८५३ मध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला, इंग्रजांनी तो मानला नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. रक्ताच्या वारसाखेरीज वारस नाही, ही डलहौसीची अट. आपण तिला अजून शिव्या देतो. पण आपले कुलवृत्तांत काय करतात? दत्तकाच्या नावाभोवती कंस घालतात, मुलीला आकडा देतात आणि रक्ताची रेघ पुरुषांतून ओढतात. डलहौसीला हा तक्ता पाहून आनंदच झाला असता.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, ‘आपली परंपराच तशी आहे.’ माझं सगळ्यात मोठं भांडण या वाक्याशी आहे, कारण परंपरा तशी नाही. ज्याने एकदा तरी काशीत श्राद्ध केलं असेल, त्याने आठवावं. गुरुजी वडील, आजोबा, पणजोबा यांची नावं विचारतात, तशीच आई, आजी, पणजीचीही विचारतात. मग आईच्या वडिलांकडची तीन पिढ्यांची नावं, त्यांच्या बायकांसकट. भाद्रपदात महालयाला तर आत्या, मावशी, बहीण, मुलगी, सासरे, मामा, सगळे नावानिशी येतात. गयेला गेलात तर मातृषोडशी आहे: एकट्या आईसाठी सोळा पिंड, गर्भारपणापासून तिने सोसलेल्या एकेका दुःखाचं ऋण म्हणून. युरोपातल्या त्या सोळा कुलीन पूर्वजांपेक्षा हा सोळाचा हिशेब मला जास्त सुसंस्कृत वाटतो. मग ज्या घरात दर वर्षी आजीच्या नावाने तीळपाणी सोडतात, त्या घराच्या छापील ग्रंथात आजीचं नाव का नाही? विधीला बाई लागते आणि ग्रंथाला लागत नाही, ही परंपरा नव्हे. ही विसाव्या शतकातल्या छापखान्याची आणि अध्यक्ष-चिटणिसांच्या समितीची सवय आहे.

लग्न जुळवतानाही तेच. सपिंड टाळायचे तर बापाकडच्या पिढ्या मोजाव्या लागतात, तशा आईकडच्याही. धर्मशास्त्रात सात आणि पाच, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पाच आणि तीन. नुसता पुरुषांचा तक्ता घेऊन बसलात तर ही मोजणी करताच येत नाही. म्हणजे ज्या एका व्यवहारासाठी वंशावळ जुन्या काळी खरोखर उपयोगी पडे, त्यालाच आपली छापील वंशावळ निरुपयोगी आहे.

शास्त्री मंडळींचाही दाखला देते, कारण संपादक मंडळात शास्त्राचं नाव नेहमी निघतं. पैठणहून काशीला आलेलं भट्ट घराणं या वस्तीचं भूषण. शिवराज्याभिषेकाला १६७४ मध्ये गेलेले गागाभट्ट याच घरातले. तिथेही काय झालं ते आठवा: सिसोदिया वंशाची परंपरा मांडली गेली, महाराजांची मुंज झाली आणि राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा लावले गेले. वंशावळीचा कागद एकटा पुरला नाही, त्याला लग्न जोडावं लागलं. याच घरातल्या नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ पुढे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी प्रमाण मानला. त्यात बहिणीला वारसांत जागा आहे. आणि विधवेला नवऱ्याने हयातीत परवानगी दिलेली नसली तरी दत्तक घेता येतो, हा मुंबईकडचा नियम त्याच्याच आधारावर उभा राहिला. गंमत अशी की बनारस संप्रदायात नवऱ्याची परवानगी लागेच. काशीत बसून एका मराठी शास्त्र्याने बाईला दिलेला अधिकार काशीतच चालला नाही, महाराष्ट्रात चालला. सतराव्या शतकातला नीलकंठ बहिणीला वारस धरतो आणि एकविसाव्या शतकातली समिती तिला ‘कन्या २’ म्हणते. मग शास्त्राचं नाव घ्यायचा अधिकार कोणाचा?

दुसरा आक्षेप: ‘मुलीची नोंद तिच्या सासरच्या कुलवृत्तांतात होईल.’ मी दोन्हीकडे शोधून पाहिलं आहे. माहेरी ती आकडा असते आणि सासरी नव्या नावाने एकाएकी उगवते. दोन पुस्तकं शेजारी ठेवली तरी ती एकच बाई आहे हे सिद्ध करता येत नाही.

भाषांतर करताना मला आणखी एक गोष्ट कळली. बाईच्या लग्नाआधीच्या नावासाठी फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेला जो शब्द आहे, त्याचा अर्थ फक्त ‘जन्मलेली’. अमुक म्हणून जन्मलेली. तिथेही बायकांची नावं बदलली. रशियाची दुसरी कॅथरिन जन्माने जर्मन, नाव झोफी. पण वंशावळीत तिचा जन्म शाबूत आहे. आपण छापील मराठीत काय लिहितो? ‘पूर्वाश्रमीच्या’. हा शब्द संन्याशाचा. ज्याने आपलं स्वतःचं श्राद्ध केलं, नाव टाकलं, गोत्र टाकलं, त्याच्या मागच्या आयुष्याला पूर्वाश्रम म्हणतात. आमच्या गल्लीत दंडी स्वामी रोज दिसतात, त्यामुळे या शब्दाचं वजन मला लहानपणापासून माहीत आहे. संन्याशाने नाव टाकलं ते स्वतःच्या इच्छेने. तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं तेव्हा माझ्या आजीला कोणी विचारलं होतं?

त्या आजीचं माहेरचं नाव मला ज्या जागी सापडलं ते सांगते. आमच्या घरात एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. त्याच्या काठावर टोच्याने कोरलेलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव. लग्नात माहेरून आलेलं. रुखवतातल्या भांड्यांवर नावं घालायची ती मुलीचं भांडं सासरच्यांच्या भांड्यांत मिसळून जाऊ नये म्हणून. भांडं मिसळलं नाही. मुलगी मिसळली. तुमच्या घरातली पितळेची डबे-पातेली मोडीत काढण्याआधी एकदा काठ वाचा, एवढं मी या वाचकांना नक्की सांगेन.

आता मागणी. पुढच्या काही वर्षांत बरेच कुलवृत्तांत नव्याने निघतील, भाषांतरित होतील, कारण मुलं मराठी वाचत नाहीत. संपादकांनी तीन गोष्टी कराव्यात. पत्नीची नोंद जन्मनाव, आईवडिलांची नावं आणि माहेरचं गाव यांसह व्हावी, आणि ती तक्त्यातच, तळटीपेत नको. मुलींची नावं मुलांच्या बरोबरीने, जन्माच्या क्रमाने यावीत आणि त्यांच्या मुलाबाळांची निदान एक पिढी यावी. दत्तक कोणी घेतला ते खरं लिहावं. विधवेने घेतला असेल तर रेघ तिच्यापासून निघावी. तक्ता मोठा होईल, घडी जाड होईल, आडव्या रेघा एकमेकींना छेदतील आणि ते झाडासारखं दिसणार नाही. नको दिसू दे. घराणं झाडासारखं कधीच नव्हतं.

आणि भाषांतरकारांनो, ‘मूळ संहितेत नाही’ हे वाक्य ऐकलं की आधीची आवृत्ती मागा. ती नाही म्हणाले, तर महालयाची यादी मागा. तीही नसेल, तर नोंदीत कोरी जागा सोडा आणि ती कोरी आहे हे तिन्ही भाषांत छापा. ‘कन्या २’चं भाषांतर मात्र करू नका.

त्या घराण्याचं काम मी अजूनही करायला तयार आहे, बिनपैशाने. ट्रंकेतली आवृत्ती मूळ धरायची, एवढीच अट आहे.